देव सरकवणारं गाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथली माणसं उठून म्हणतील, छे, आमच्याकडे असं काही झालंच नाही. तेवढं एक त्यांना फार चांगलं जमतं. गाव खाडीच्या तोंडाशी होतं, समुद्र हाकेच्या अंतरावर होता आणि सगळ्यांचं पोट मिठावर चालायचं, एवढं समजलं तरी पुरे.

हे मीठ उन्हात पिकवलेलं नव्हतं. खारं पाणी मोठाल्या काहिलींत ओतायचं, खाली तिवराची लाकडं पेटवायची, पाणी आटलं की तळाचं मीठ खरवडायचं. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात उभी असलेली झाडं. ती लाटेचा जोर मोडतात आणि काठाची माती धरून ठेवतात. गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं, आणि सांगता सांगता त्याच झाडावर कुऱ्हाड चालवली असती. भट्ट्या पाच होत्या. पाचही धाकोजी मुकादमाच्या. गावातली तीस घरं त्यांच्यावर राबायची.

गावाचा देव म्हणजे हातभर उंचीचा काळा दगड. खारदेव म्हणायचे त्याला. खाडीत उतरणाऱ्या खडकाळ उतारावर एका खाचेत तो बसवलेला असायचा. श्रावणातल्या पुनवेला वर्षातली मोठी भरती यायची. त्या दिवशी पाण्यानं देवाचे पाय भिजवायचे, पण त्याच्या कंबरेला शिवायचं नाही, अशी गावाची श्रद्धा होती. पाणी पायाशी थांबलं की देवानं समुद्राला थोपवलं, वर्ष सुखाचं जाणार.

बरं, पाणी जास्त चढेल असं वाटलं तर? तर भगत पुनवेला भरतीच्या आधी देवाला उचलायचा आणि वरच्या खाचेत नेऊन बसवायचा. त्या वेळी सगळं गाव समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं. ढोल वाजायचे, डोळे मिटलेले असायचे. देव उचलताना बघायचं नाही. नंतर त्याबद्दल बोलायचं नाही. देव हलला असं म्हणायचं नाही, देव होता तिथंच आहे असं म्हणायचं. नाहीतर पाप लागतं म्हणे.

मला या रीतीचा फार राग येतो. रीत जुनी आहे म्हणून नाही. पहिल्यांदा कुणीतरी देव वाहून जाऊ नये म्हणून भीतीपोटी केलं असेल, ते मी समजू शकतो. पण पुढे त्याच दगडाकडे बोट दाखवून लोक सांगायला लागले की समुद्र आजोबांच्या वेळी होता तिथंच आहे. भिंतीवर पोराच्या उंचीची रेघ मारायची, पोर वाढलं की रेघच वर न्यायची, आणि शेजारणीला सांगायचं की आमचं पोर काही वाढत नाही. एखादी आई असं करायला लागली तर आपण तिला वैद्याकडे नेऊ. इथं सगळं गाव तेच करत होतं आणि वर गुलाल उधळत होतं.

गावाच्या मागच्या अंगाला, खाडी वळसा घेते तिथं, चांगुणाचं शेत होतं. भाताचे चार तुकडे आणि कडेनं मातीचा बांध. बांधापलीकडे खाडी. चांगुणाचा नवरा वारला होता, ती एकटी शेत करायची. तिच्या शेतात गावातली एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर होती. सगळं गाव त्या विहिरीचं पाणी प्यायचं, आणि तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. बांध फुटला तर विहीर गेली, हे लोक जाणून होते. म्हणून दर उन्हाळ्यात घरटी एक माणूस टोपलं घेऊन यायचा आणि बांधावर माती घालायचा.

एका उन्हाळ्यात चांगुणाला पाण्याची चव बदललेली वाटली. तिनं चार दिवस वाट पाहिली. डाळ शिजेना. मग तिनं तांब्या भरला आणि तडक धाकोजीच्या भट्टीवर गेली.

"मुकादम, विहिरीचं पाणी मचूळ झालंय. खाडीचं पाणी खालून झिरपतंय. पिऊन बघा आणि सांगा."

धाकोजीनं तांब्या तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला, मिशा पुसल्या.

"पाणी झकास आहे, चांगुणे. तुझ्या तोंडाची चव गेलीय."

भट्टीवरची माणसं हसली. आदल्या दिवशी त्यांच्याही घरी डाळ शिजली नव्हती.

पण चांगुणाला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती. तिचे सासरे गावचे भगत होते. जायच्या आधी त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं होतं, "पोरी, माझ्या बापानं सगळ्या जन्मात देव एकदा वर आणला. मी चारदा आणला. हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं, पण सांगू कुणाला?" आता भगतपण तिच्या धाकट्या दिराकडे, हाशाकडे आलं होतं. हाशानं पाच वर्षांत तीनदा देव उचलला होता.

मोठी ओहोटी लागली तशी तिनं गावाला उतारावर बोलावलं. कोयता घेऊन खडकाला चिकटलेली कालवं खरवडली, चिखल उपसला. देवाच्या खाली एकाखाली एक आठ खाचा उघड्या पडल्या. सगळ्यात खालची अगदी पाण्याच्या कडेशी होती.

"या आठही जागी आपला देव बसलेला होता," ती म्हणाली. "समुद्र चढतोय आणि आपण देवाला घेऊन त्याच्यापुढं पळतोय."

लोकांनी खाचा पाहिल्या. हात घालून पाहिल्या. मग एक जण म्हणाला की या होड्या बांधायच्या खाचा असणार. दुसरा म्हणाला, खेकड्यांनी केल्या असतील. खेकड्यांनी. काळ्या खडकात, चौकोनी, देव नेमका बसेल एवढ्या. आणि हे ऐकून चांगल्या शहाण्या माणसांनी माना डोलावल्या.

मग चावडीवर सभा भरली. चांगुणानं काही आडपडदा ठेवला नाही. तिवर तोडणं थांबवायचं आणि मीठ उन्हावर पिकवायचं, असं तिचं म्हणणं होतं. काठची उजाड जमीन पायांनी तुडवून घट्ट करायची, तिचे वाफे पाडायचे, भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि आटवायचं काम सूर्यावर सोडायचं. तिच्या माहेरी, पलीकडच्या खाडीवर, असंच मीठ पिकत होतं. असं आगर तयार व्हायला दोन वर्षं लागणार होती. तोवर अर्ध्या गावानं भट्टीवर राबावं, अर्ध्यानं आगरात चिखल तुडवावा, आणि जे मीठ निघेल ते सगळ्यांनी वाटून घ्यावं.

"आणि पावसाळ्यात?" धाकोजीनं विचारलं. "पावसाळ्यात तुझा सूर्य छत्री घेऊन येणार का?"

"उन्हाळ्यात साठवू, पावसाळ्यात विकू. मीठ काही नासत नाही."

"दोन वर्षं लोकांनी खायचं काय? चिखल?"

"अर्धं खायचं. सगळ्यांनी. मीसुद्धा."

भट्टीवर राबणाऱ्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, अर्ध्यात पोरांना घालायचं काय? तो प्रश्न खोटा नव्हता. उद्या चूल पेटेल की नाही याची धास्ती काय असते ते मला कळतं, त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग धाकोजीवर आहे. कारण त्यानं त्याच उन्हाळ्यात स्वतःच्या मिठाच्या कोठाराचं जोतं चांगलं कंबरेइतकं उंच करून घेतलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचा, उंदीर फार झालेत. म्हणजे समुद्र गावासाठी चढत नव्हता, त्याच्या कोठारासाठी मात्र चढत होता.

आणि माझा राग त्या सभेत बोलणाऱ्या एका गृहस्थावर आहे. तो आधी म्हणाला, समुद्र चढतच नाही. थोड्या वेळानं म्हणाला, चढत असेल, पण तो पूर्वीही कधीतरी चढला असेलच की. मग म्हणाला, चढतोय हे कबूल, पण समुद्र काय आपल्या भट्टीला विचारून चढतो? एकाच बैठकीत, एकाच तोंडानं. त्याला कुणी खाली बस म्हटलं नाही. उलट गावच्या पंचांनी गंभीर चेहरे केले आणि म्हणाले, दोन्हीकडचं ऐकून घेतलं पाहिजे. खाचा तिथं दगडात कोरलेल्या होत्या, विहीर मचूळ होत होती, आणि हे दोन्हीकडचं ऐकत बसले होते.

शेवटी पंचांनी तोड काढली. येत्या पुनवेला देवच सांगेल. पाणी देवाच्या कंबरेला लागलं तर चांगुणा खरी, अर्धं गाव आगर बांधायला लागेल. पाणी पायाशी थांबलं तर धाकोजी खरा, सहावी भट्टी उभी राहील. सगळ्यांना हा न्याय फार आवडला. देव सरकवणारे तेच, आणि देवावरून समुद्र मोजणारेही तेच.

चांगुणा उठून दिराच्या घरी गेली.

"भावजी, यंदा देव हलवू नका. आहे तिथंच राहू दे. पाणी कुठवर येतं ते गावाला एकदा बघू दे."

"देव बुडाला तर, वहिनी?"

"बुडाला तर ओहोटीला परत दिसेल. विहीर गेली तर परत दिसणार नाही."

हाशा म्हणाला, "नाही हलवत." मनापासून म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणसाचं मनापासून दिलेलं वचन किती टिकतं ते आपण सगळे जाणतो. पुनवेच्या सकाळी धाकोजी त्याच्या अंगणात आला, सुपारी कातरत बसला आणि उठता उठता एवढंच बोलला, "देव बुडवणारा भगत म्हणून तुझं नाव निघेल, हाशा. पोरींना स्थळं कोण देणार मग?"

गाव उतारावर जमलं. ढोल सुरू झाले. सगळ्यांनी समुद्राकडे पाठ केली. चांगुणानंही केली. मग ती वळली.

तिनं पाहिलं, हाशानं देव उचलला. एक खाच वर नेला. थांबला, मागं वळून पाण्याकडे बघितलं, आणि आणखी एक खाच वर नेला. त्यानं मान वर केली तेव्हा समोर वहिनी उभी होती. पण त्यानं देव खाली आणला नाही.

"देव दोन खाचा वर आला," चांगुणा म्हणाली. ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

ढोल थांबले. तिला वाटलं होतं, आता तरी माणसं वळून बघतील. एवढंच करायचं होतं त्यांना, मान वळवायची होती. एकही वळला नाही. थोड्या वेळानं कुणीतरी पुन्हा ढोलावर टिपरी मारली.

भरती आली. पाण्यानं देवाचे पाय भिजवले आणि तिथंच थांबलं. देव जुन्या जागी असता तर पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं असतं. गावानं गुलाल उधळला. धाकोजीनं सहाव्या भट्टीचा नारळ तिथंच फोडला.

आणि शिक्षा चांगुणाला झाली. बाईनं देव उचलताना पाहिलं, आणि पाहून वर तोंडानं बोलली. पंचांनी ठरवलं, यापुढे तिच्या बांधावर गावातला कुणी माती घालायला जाणार नाही. ऐका नीट. त्या बांधामागं काय होतं? सगळ्या गावाची पिण्याची विहीर. तिला धडा शिकवायला म्हणून या शहाण्यांनी आपल्याच विहिरीची राखण सोडली, आणि त्या सभेत एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. की आलं आणि गिळून टाकलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका हंडे घेऊन विहिरीवर आल्याच. चांगुणानं अडवलं नाही. एक जण हंडा भरता भरता हळूच म्हणाली, "कशाला बोललीस गं? गप्प राहिली असतीस तर."

"तुम्ही सगळ्या गप्प होता म्हणून बोलले," चांगुणा म्हणाली आणि तिचा हंडा उचलून तिच्या डोक्यावर दिला.

वर्षभर सहा भट्ट्या धडधडत राहिल्या. खाडीत तिवर फारसे उरलेच नव्हते. जे शेवटचे होते ते चांगुणाच्या बांधासमोर होते, पावसाळा लागायच्या आत तेही तोडले. तिनं जाऊन अडवलं तर कुऱ्हाडवाले म्हणाले, आम्हाला मुकादमानं सांगितलंय, तू त्याच्याशी बोल. मुकादम म्हणाला, लोकांची पोटं आहेत, मी काय करू? आता बांधावर लाट थेट आपटायला लागली. तीस माणसांचं काम चांगुणा एकटी करत होती. सकाळी माती घालायची, भरतीला ती निम्मी वाहून जायची, ती पुन्हा घालायची. टोपलं धरून धरून तिच्या हातांची सालटी निघाली. गावातली माणसं त्याच वाटेनं जायची आणि दुसरीकडे बघायची. तो सराव त्यांना होताच.

पुन्हा श्रावणातली पुनव आली. दुपारची भरती होती. गाव उतारावर जमलं. फक्त चांगुणा नव्हती, ती सकाळपासून बांधावर होती. वरच्या सगळ्या खाचा संपल्या होत्या. हाशानं देव दोन्ही हातांत उचलला आणि उताराच्या माथ्यावर सपाट जमिनीत कुठं ठेवावा ते शोधू लागला. बाकीचे समुद्राकडे पाठ करून, डोळे मिटून उभे होते. ढोल वाजत होते.

बांध फुटल्याचा आवाज त्या ढोलांत कुणालाच आला नाही.

खाडीचं पाणी चांगुणाच्या भातात शिरलं, विहिरीवरून गेलं आणि मागच्या बाजूनं गावात घुसलं. गल्ल्यांतून, अंगणांतून, भट्ट्यांच्या छपरांखालून. सहाही भट्ट्या फुस्स करून विझल्या. धाकोजीच्या कोठाराचं जोतं कंबरेइतकं होतं, पाणी छातीइतकं आलं, आणि आत मिठाचं काय झालं असेल ते सांगायला नको. उतारावरच्या माणसांचे पाय ओले झाले. त्यांना वाटलं, मागून भरती आली, देवाचे पाय भिजले असतील. काही जणांनी डोळे मिटूनच हात जोडले. मग कुणीतरी डोळे उघडले. पाणी समोरून येत होतं. त्यांच्याच घरांकडून, त्यांचीच भांडी आणि सरपण घेऊन. मागं वळले तर मागंही पाणी होतं. पाठ करायला त्यांना कोरडी बाजूच उरली नाही.

कंबरभर पाण्यातून, अंगभर चिखल झालेली चांगुणा वर आली. हाशा देवाला छातीशी धरून तसाच उभा होता.

"वहिनी," तो रडत होता, "देव कुठं ठेवू?"

"जिथून तुमच्या आज्यानं पहिल्यांदा उचलला तिथं ठेवा, भावजी. ओहोटी लागली की ठेवा. आणि या वेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत."

भरती उतरली म्हणून माणसं वाचली. देव सगळ्यात खालच्या खाचेत गेला, आणि गावानं या वेळी उघड्या डोळ्यांनी पाहिला. पुढे त्यांनी आगरही बांधलं, दोन वर्षं अर्धं खाऊन, चिखल तुडवून. बांधलं कुठं, तर चांगुणाच्या शेतात, कारण तिथं आता भात उगवणार नव्हता. पण ते सगळं पुढचं. मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं.

तिसऱ्या दिवशी छपरांवरून धरलेलं पावसाचं पाणीही संपलं. सगळं गाव हंडे घेऊन विहिरीवर आलं. धाकोजीही आला, त्याच्याही घशाला कोरड होती. चांगुणा विहिरीच्या काठावर बसली होती. तिनं पोहरा सोडला, ओढून वर घेतला, तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. धाकोजीनं एक घोट घेतला आणि थुंकला.

"हे तर खारट आहे," तो म्हणाला.

"पाणी झकास आहे, मुकादम," चांगुणा म्हणाली. "तुमच्या तोंडाची चव गेलीय."

या वेळी कुणी हसलं नाही. बायका रिकामे हंडे घेऊन दोन कोसांवरच्या ओढ्याकडे चालू लागल्या. चांगुणाही आपला हंडा घेऊन त्यांच्या मागून निघाली.

तात्पर्य, आणि हे मी गोड करून सांगणार नाही: धोका मोजायची खूण सरकवली म्हणून धोका सरकत नाही, आणि वळून बघणाऱ्याला, बघून बोलणाऱ्याला जे गाव शिक्षा करतं, ते आपल्याच पिण्याच्या पाण्यात मीठ कालवतं.